चुकता येईल अशी अटकळ

एखाद्या मोठ्या संगणक कंपनीचा नवा माल यायची वेळ जवळ आली की तोच वाद नव्याने पेटतो. एका बाजूला आतल्या गोटातल्या बातम्यांचा हिशोब ठेवणारे. अमक्याने सांगितलेलं किती खरं निघालं, तमक्याचा अंदाज कुठे फसला, हे त्यांना तोंडपाठ असतं. दुसऱ्या बाजूला, हा सगळा रिकामटेकडेपणा आहे असं मानणारे. कंपनी जाहीर करेल तेव्हा कळेलच की, तोवर धीर धरवत नाही का, असा त्यांचा सवाल. भांडण हिरिरीने चालतं. पण दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासताच मान्य करून टाकलेली असते. ती अशी, की अटकळ म्हणजे निकालावर लावलेली पैज. लागली तर बोलणारा शहाणा, हुकली तर त्याचं सगळं बोलणं फुकट.

मला हे मुळातच पटत नाही. कंपनी पुढे काय करेल याचा उघडपणे विचार करणं हा वापरणाऱ्यांचा हक्क आहे, आणि मी तर म्हणेन की थोडंफार कर्तव्यही. मात्र त्या विचाराचं मोल तो खरा ठरला की नाही यावरून ठरत नाही. तो कशाच्या आधाराने उभा आहे आणि चुकलाच तर नेमका कुठे चुकला हे दाखवता येतं का, यावरून ठरतं. मराठीने हा फरक केव्हाच करून ठेवलाय. अफवा उठते आणि पसरते. तिला कर्ता नसतो. बातमी फुटते. अटकळ मात्र बांधावी लागते. जे बांधलेलं असतं त्याला पाया असतो, आणि पाया असला की तो खणून तपासता येतो. कारखान्यातून कुणीतरी गुपचूप काढून आणलेला सुट्या भागाचा फोटो ही अटकळ नव्हे, ती फुटलेली बातमी. ती खरी असेलही, पण ती खरी निघाल्याने आणणाऱ्याची विचारशक्ती सिद्ध होत नाही. या तिन्ही गोष्टी एकाच गोणीत कोंबल्यामुळे वाद वर्षानुवर्षं जागचा हलत नाही.

ॲपलच्या इतिहासातलं एक प्रकरण जरा सविस्तर पाहण्याजोगं आहे, कारण अटकळ बांधण्याची बरी आणि वाईट अशा दोन्ही रीती त्यात शेजारी शेजारी दिसतात. जून २००३ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पॉवर मॅक जी५ दाखवला. आत आयबीएमने बनवलेला ६४ बिटांचा, म्हणजे जुन्या ३२ बिटांच्या चिपपेक्षा दुप्पट रुंद माहिती एका दमात हाताळणारा, पॉवरपीसी प्रोसेसर, वेग २ गिगाहर्ट्झपर्यंत. वर्षभरात ३ गिगाहर्ट्झ गाठू, असं वचनही त्यांनी त्याच मंचावरून दिलं. साहजिकच पुढचा प्रश्न आला: हाच प्रोसेसर लॅपटॉपमध्ये, म्हणजे पॉवरबुकमध्ये, कधी? पुढची दोन वर्षं पॉवरबुक जी५ आता येतोय, मग येतोय, असं ऐकू येत राहिलं. त्यामागचा तर्क एवढाच, की टेबलावरच्या मॅकमध्ये आलाय तर मांडीवरच्यातही येणारच, आजवर तसंच होत आलंय. याला अनुमान म्हणता येणार नाही, ही निव्वळ सवय होती. पॉवर मॅक जी५चं झाकण उघडून ज्याने आत पाहिलं असेल त्याला त्या ॲल्युमिनियमच्या पेटीत नऊ पंखे दिसले असतील. जून २००४ उजाडला तेव्हा वचनातला ३ गिगाहर्ट्झ आला नाहीच. आला तो २.५, आणि त्यालाही थंड ठेवायला आतून द्रव खेळवावा लागत होता. इंचभर जाडीच्या पॉवरबुकात ही उष्णता कुठे जाणार होती?

विचाराची सुरुवात या उष्णतेपासून केली की प्रश्नच बदलतो. ज्या कंपनीला लॅपटॉप विकायचे आहेत आणि जिचा पुरवठादार लॅपटॉपजोगी चिप देऊ शकत नाही, तिच्यापुढे कोणते मार्ग उरतात? आणि त्यातल्या कोणत्या मार्गावर चालण्याची तयारी तिने आधीच करून ठेवलेली असू शकते? मॅक चालवणारी मॅक ओएस एक्स ही प्रणाली ज्या प्रणालीतून निघाली ती नेक्स्टची, म्हणजे जॉब्स यांच्याच आधीच्या कंपनीची, प्रणाली १९९३ पासून इंटेलच्या प्रोसेसरवर चालत होती. मॅक ओएस एक्सचा गाभा, डार्विन, खुद्द ॲपलने खुला करून ठेवला होता आणि तो इंटेलच्या यंत्रांवर चालवता येत होता. इंटेलसाठीची आवृत्ती ॲपल आतल्या आत जपून आहे, अशा बातम्या २००२ मध्येच छापून आल्या होत्या. कोडी सोडवायला लागणारे तुकडे उघड्यावर पडलेले होते. ६ जून २००५ रोजी जॉब्स यांनी मॅक इंटेलच्या प्रोसेसरवर नेत असल्याचं जाहीर केलं आणि सांगितलं की गेली पाच वर्षं मॅक ओएस एक्सची प्रत्येक आवृत्ती दोन्ही प्रोसेसरांसाठी तयार होत होती. बदलाचं मुख्य कारण त्यांनी दिलं ते प्रत्येक वॉटमागे मिळणाऱ्या कामगिरीचं, म्हणजे फिरून उष्णतेचंच. जानेवारी २००६ मध्ये इंटेलचे जे पहिले मॅक जाहीर झाले त्यांत एक लॅपटॉप होता.

आता समजा, आयबीएमने ऐनवेळी थंड चिप काढून दिली असती आणि ॲपल इंटेलकडे गेलीच नसती. मग उष्णतेपासून केलेला विचार वाया गेला असता का? मुळीच नाही. 'लॅपटॉपसाठी वेगळी, कमी तापणारी चिप मिळाल्याशिवाय हे यंत्र येऊ शकत नाही' हे त्यातलं विधान तेव्हाही खरंच राहिलं असतं. जो माणूस दोन वर्षं जुना पॉवरबुक रेटत नव्याची वाट पाहत होता, त्याला या एका वाक्याने निर्णय घेता आला असता. निकाल जुळला की नाही एवढंच मोजणाऱ्यांच्या वहीत या वाक्याला रकानाच नाही.

याच रीतीने पुढचा मोठा बदलही वाचता येत होता. २००८ मध्ये ॲपलने पी. ए. सेमी ही चिप आखणारी छोटी कंपनी विकत घेतली, २०१० मध्ये ए४ ही ॲपलची स्वतःची चिप आली, २०१३ मध्ये फोनमध्ये ६४ बिटांची ए७ आली. फोनला तेव्हा ६४ बिटांची तातडीची गरज नव्हती. मग ती कुणाची होती, हा प्रश्न विचारणाऱ्याला नोव्हेंबर २०२० मध्ये मॅकमध्ये आलेल्या ॲपलच्याच एम१ चिपचं आश्चर्य वाटलं नसणार.

आता 'थांबा, कंपनी सांगेलच' या सल्ल्याकडे वळू. त्यामागची समजूत अशी, की कंपनी बोलते ते वास्तव आणि बाहेरचा बोलतो ती कल्पना. संगणकांचा इतिहास असं सांगत नाही. १९६४ मध्ये कंट्रोल डेटा कंपनीचा ६६०० हा जगातला सर्वांत वेगवान संगणक होता. त्याच वर्षी आयबीएमने त्याच्या तोडीचं सिस्टीम/३६० मॉडेल ९१ जाहीर केलं. पहिलं यंत्र ग्राहकाकडे पोचायला १९६७ साल उजाडलं. दरम्यान कागदावरच्या यंत्रासाठी गिऱ्हाइकं थांबून राहिली, असा आरोप करत कंट्रोल डेटाने १९६८ मध्ये आयबीएमला न्यायालयात खेचलं आणि १९७३ मध्ये आयबीएमला तडजोड करावी लागली. मायक्रोसॉफ्टने विंडोज जाहीर केली नोव्हेंबर १९८३ मध्ये, बाजारात आणली नोव्हेंबर १९८५ मध्ये. ॲपलने एकाच वेळी तीन उपकरणं चार्ज करणारी एअरपॉवर ही सपाट चटई सप्टेंबर २०१७ मध्ये मंचावर दाखवली आणि मार्च २०१९ मध्ये रद्द केली. म्हणजे कंपनीची घोषणा हेही भविष्याबद्दलचं विधानच असतं. ते विधान करणाऱ्याकडे माहिती जास्त असते हे खरं, पण त्याचा स्वार्थही जास्त असतो. अशा वेळी बाहेरच्यांनी गप्प बसावं म्हणणं याचा अर्थ, ज्याचे पैसे गुंतलेत त्या एकट्यालाच उद्याबद्दल बोलू द्यावं, असा होतो. हे कोणत्या न्यायाने?

विरोधकांचं सगळंच म्हणणं मात्र इतकं सहज बाजूला सारता येत नाही. त्यांचा एक ठेवणीतला दाखला ऑस्बॉर्नचा. १९८१ मध्ये ऑस्बॉर्न १ हा उचलून नेता येणारा संगणक १,७९५ डॉलरला आला आणि जोरात खपला. १९८३ मध्ये पुढच्या यंत्रांची चर्चा सुरू झाली, जुन्याची मागणी आटली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीने दिवाळं काढलं. उद्याबद्दल बोललं की आजचा धंदा बुडतो, हा त्यातून काढला जाणारा धडा. पण त्या कथेत बोललं कोण? बाहेरचे नव्हे, खुद्द कंपनी. शिवाय त्याच काळात कायप्रो हा प्रतिस्पर्धी संगणक आणि आयबीएमशी जुळणारी यंत्रं बाजारात उतरली होती, हा भाग कथा सांगताना गाळला जातो. आणि त्याहून महत्त्वाचं: चांगलं यंत्र काही महिन्यांत येणार आहे हे कळल्यावर जुनं विकत न घेणाऱ्याने नेमका कोणता गुन्हा केला? विक्रेत्याचं नुकसान झालं, मान्य. पण ज्या विक्रीचा पाया गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर आहे ती टिकवून धरण्याची जबाबदारी गिऱ्हाइकावर नाही.

खरी जड हरकत वेगळी आहे, आणि ती मला अस्वस्थ करते. नोव्हेंबर २०१३ मध्ये ॲपलने जीटी ॲडव्हान्स्ड टेक्नॉलॉजीज या कंपनीशी करार केला. ॲरिझोनातल्या मेसा इथल्या कारखान्यात कृत्रिम नीलम बनवायचा होता आणि त्यासाठी ५७ कोटी ८० लाख डॉलर आगाऊ मिळणार होते. नीलम अतिशय कठीण, ओरखडा न उमटणारा. तेव्हा पुढच्या आयफोनचा पडदा नीलमाचा असणार, ही अटकळ सगळीकडे झाली. तिला आधार नव्हता असं कोण म्हणेल? कारखाना खरा होता, भट्ट्या खऱ्या होत्या, पैसा खरा होता. ९ सप्टेंबर २०१४ रोजी आयफोन ६ आला तो काचेचा पडदा घेऊनच. ६ ऑक्टोबरला जीटीने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्या दिवशी तिचा शेअर एका डॉलरच्याही खाली घसरला, आणि पुढे शेकडो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या. त्या अटकळीवर विसंबून ज्यांनी बचत गुंतवली असेल त्यांना 'विचाराची रीत बरोबर होती' हे सांगून काय उपयोग?

हे मी टाळू शकत नाही. पण त्या प्रकरणात अंधार कुठे होता तेही पाहायला हवं. जीटीच्या दिवाळखोरीच्या कागदपत्रांतून बाहेर आलं की ॲपलची गुपितं फोडल्यास प्रत्येक वेळी ५ कोटी डॉलर दंडाची अट करारात होती. नीलमाचे मोठे ठोकळे भट्टीतून हवे तसे निघत नाहीत, हे ज्यांना दिसत होतं त्यांची तोंडं बांधलेली होती. २०१९ मध्ये अमेरिकेच्या रोखे नियामकाने या कंपनीवर आणि तिच्या माजी प्रमुखावर गुंतवणूकदारांची दिशाभूल केल्याचा ठपका ठेवला. म्हणजे फसवणूक झाली ती अधिकृत तोंडून. उलट बाहेर बसून काही जण सांगत होते की नीलम काचेपेक्षा जड आहे, बनवायला कितीतरी महाग आहे, आणि ओरखडा न उमटणं म्हणजे पडल्यावर न फुटणं नव्हे. ही देखील अटकळच होती, विरुद्ध बाजूची. कारखाना उभा राहिला म्हणून माल येणारच, असं धरून चालणाऱ्यांनी पदार्थाचा विचार केला नाही. ज्यांनी केला ते सावध राहिले. तेव्हा इथे अटकळ जास्त झाली असं मला वाटत नाही. तिची उलटतपासणी कमी झाली.

मे २००७ मधल्या प्रकरणात तर अटकळीचा संबंधच नव्हता. ॲपलमधला अंतर्गत संदेश म्हणून एक खोटं पत्र फिरलं, आयफोन ऑक्टोबरपर्यंत लांबल्याची बातमी त्यावरून दिली गेली, आणि काही मिनिटांत कंपनीचं बाजारमूल्य सुमारे ४०० कोटी डॉलरने उतरलं. फोन ठरल्या दिवशी, २९ जूनला, आला. यात कुणी विचार केला होता? एक कागद आला आणि तो पुढे सरकवला गेला. याचं खापर विचार करणाऱ्यांच्या डोक्यावर फोडणं अन्याय आहे.

आणखी एक हरकत मी पूर्ण मान्य करतो: आपण जुळलेलं लक्षात ठेवतो आणि फसलेलं विसरतो. ॲपल दूरचित्रवाणी संच काढणार, हे भाकीत २०११ पासून कित्येक वर्षं दरवर्षी नव्या तारखेसह केलं गेलं. संच आला नाही. पण तारीख पुढे ढकलताना 'माझा कोणता आधार ढासळला' हे किती जणांनी सांगितलं? लोक संच अनेक वर्षं बदलत नाहीत, त्यात नफा जेमतेम, आणि दाखवायचा मजकूर वाहिन्या आणि चित्रपट कंपन्यांच्या ताब्यात, या तीन अडचणी पहिल्या दिवसापासून समोर होत्या. त्यांना उत्तर न देता केलेलं भाकीत ही इच्छा होती, आणि इच्छा कधीच चुकत नाही. ती फक्त लांबणीवर पडते. मला राग आहे तो अशा भाकितांचा. कारण त्यांना खोटं ठरवण्याची सोयच नसते.

रसायनशास्त्रातला एक प्रसंग मला यासाठी फार मोलाचा वाटतो. दिमित्री मेंडेलीव्ह यांनी १८६९ मध्ये मूलद्रव्यांची सारणी मांडली तेव्हा काही घरं रिकामी ठेवली. ॲल्युमिनियमच्या खालच्या घराला त्यांनी 'एका-ॲल्युमिनियम' म्हटलं. त्यातला 'एक' थेट संस्कृतातून उचललेला. पण मोलाची गोष्ट नाव नव्हे. त्या न सापडलेल्या द्रव्याची घनता सुमारे ५.९ असेल, असं त्यांनी सांगून टाकलं. १८७५ मध्ये गॅलियम सापडलं आणि मोजलेली घनता निघाली ४.७. मेंडेलीव्ह यांनी शोधकर्त्याला नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजायला सुचवलं, आणि नवा आकडा ५.९ आला. आकडा दिला होता म्हणून तर चूक कुणाची हे ठरवता आलं. पुढे याच मेंडेलीव्ह यांनी हायड्रोजनपेक्षा हलक्या द्रव्यांचंही भाकीत केलं, आणि तशी द्रव्यं नाहीतच. माणूस तोच, बुद्धी तीच. पण दोन्ही वेळा त्यांनी सारणीतलं घर बोटाने दाखवलं होतं, म्हणून आज दोन्हींचा निवाडा आपल्याला करता येतो.

प्रश्न निव्वळ कुतूहलाचा असता तर मी इतकं लिहिलं नसतं. जुलै २०११ मध्ये मॅक ओएस एक्स लायन आली आणि पॉवरपीसीसाठी लिहिलेले प्रोग्रॅम नव्या मॅकवर चालायचे थांबले. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकच्या प्रणालीची कॅटालिना ही आवृत्ती आली आणि ३२ बिटांच्या सगळ्या प्रोग्रॅमांची तीच गत झाली. त्यांत वर्षानुवर्षं साठवलेलं काम होतं: संगीताचे आराखडे, हिशोब, प्रबंध, ज्यांना बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली आहे अशा साधनांत अडकलेल्या फायली. ॲपलने दुसऱ्या वेळी आगाऊ सूचना दिली होती, हे नमूद केलं पाहिजे. पण सूचनेच्याही आधी दिशा दिसत होती. २०१३ मध्ये फोन ६४ बिटांचा झाला, २०१७ मध्ये फोनवरचे ३२ बिटांचे प्रोग्रॅम बंद झाले. मग मॅकची पाळी येणार, हे ओळखायला आतल्या माणसाची गरज नव्हती. ज्यांनी ओळखलं त्यांनी सवडीने फायली बदलून घेतल्या. कुणाच्या तरी चार भिंतींआडच्या निर्णयाने लाखो लोकांचं काम उद्या उघडणार की नाही हे ठरत असेल, तर त्या निर्णयाचा आधीपासून अदमास घेणं याला चैन म्हणायचं का?

मी मागतोय ते स्वतः करून दाखवतो. माझी अटकळ अशी: डिसेंबर २०२८ संपायच्या आत ॲपल असा एक तरी मॅक लॅपटॉप विकू लागेल, ज्यात मोबाइल नेटवर्कला थेट जोडणारा मोडेम आतच असेल. हे लिहिताना एकाही मॅकमध्ये तो नाही, तर आयपॅडमध्ये तो २०१० पासून मिळतो. माझे आधार तीन. पहिला, ॲपलने २०१९ मध्ये इंटेलचा स्मार्टफोन-मोडेमचा व्यवसाय १०० कोटी डॉलरला घेतला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आयफोन १६ईमध्ये स्वतःचा सी१ मोडेम बसवला. बाहेरच्या पुरवठादाराची किंमत आणि अटी ही अडचण त्यामुळे ओसरते. दुसरा, २०२१ पासून आयपॅड प्रो आणि मॅकबुक एअर एकाच जातीच्या चिपवर चालतात, तेव्हा चिप आणि मोडेम यांची सांगड घालण्याचं काम आयपॅडमध्ये होऊन गेलेलं आहे. तिसरा, सी१चा भर कमी वीज खाण्यावर आहे, आणि लॅपटॉपमध्ये मोडेम सतत जागा ठेवायचा तर तेच लागतं.

विरुद्ध आधारही सांगतो, कारण ते कच्चे नाहीत. फोनचं इंटरनेट वाटून घेण्याची सोय इतकी सुटसुटीत आहे की बहुतेकांना वेगळ्या जोडणीचे पैसे द्यावेसे वाटणार नाहीत. मॅकवरचे प्रोग्रॅम पाठीमागे बेसुमार डेटा ओढतात. त्याला लगाम घालणारी व्यवस्था प्रणालीत मुरवावी लागेल. आणि धातूच्या पातळ कवचात ॲन्टेना बसवायला खिडकी कापावी लागते. यातली दुसरी अडचण मला सर्वांत मोठी वाटते. त्यामुळे मॅकच्या एखाद्या आवृत्तीत प्रत्येक प्रोग्रॅमचा डेटा वेगळा मोजायची आणि रोखायची सोय आली, तर माझी अटकळ बळकट झाली असं समजावं. २०२७च्या अखेरपर्यंत तशी सोय दिसली नाही, तर मी पुढचं वर्ष वाट न पाहता ही अटकळ मागे घेईन आणि तीनपैकी कोणता आधार पोकळ निघाला ते लिहीन.